विशेष पथक कुणाच्या सोयीसाठी? गृहखात्यांना आणि पोलीस प्रमुखांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री, गृहसचिव आणि पोलीस दलांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

स्त्रीवरच्या अत्याचाराची एखादी बातमी फार गाजली की आठ-पंधरा दिवसांत आपल्याकडून विशेष पथकाची घोषणा होते. नवं नाव, नव्या गाड्या, नवा हेल्पलाइन क्रमांक, फीत कापतानाचा फोटो. माझा त्याला विरोध नाही. अशी पथकं हवीतच, आणि हे पत्र त्याच मताने लिहिते आहे. पण मार खाल्लेल्या किंवा बलात्कार झालेल्या बाईशेजारी ठाण्यातल्या बाकावर तासन्‌तास बसणाऱ्यांपैकी मी एक आहे. त्या बाकावरून जे दिसतं ते व्यासपीठावरून दिसत नसावं. विशेष पथक आलं की बाकीचं ठाणं हात झटकून मोकळं होतं. ‘हे आमच्याकडे नाही, त्यांच्या युनिटला जा.’ पथक उभारण्याआधी या वाक्याचा बंदोबस्त करा, एवढंच माझं म्हणणं आहे. पुढचं सगळं त्याचंच स्पष्टीकरण.

ठाण्याच्या दारात येतं कोण, ते आधी पाहू. संयुक्त राष्ट्रांनी अनेक देशांतल्या पाहण्यांवरून दिलेला आकडा असा आहे की हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून कमी जणी कुणाची तरी मदत मागतात, आणि त्या मागणाऱ्यांपैकी १० टक्क्यांहूनही कमी जणी पोलिसांकडे जातात. म्हणजे शंभरात जेमतेम चार. तेव्हा पायरी चढून आलेली बाई पहिल्या थपडेनंतर आलेली नसते. तिने मारणारा घरी नसल्याची वेळ साधलेली असते, मुलांना कुणाकडे तरी ठेवलेलं असतं, परत गेल्यावर काय होईल याचा हिशेब मनात मांडलेला असतो. तिला ‘साहेब आल्यावर या’ म्हणणं ही ज्याला किरकोळ दिरंगाई वाटते, त्याला या कामाची ओळखच नाही. पुष्कळदा ती दुसऱ्यांदा येत नाही. पुढे आलंच काही, तर तिच्याऐवजी तिच्याबद्दलचं कागदपत्र येतं.

अशा बाईसाठी वेगळं दार असावं ही कल्पना ५० वर्षांहून जुनी आहे. केरळात कोळिकोड इथे १९७३ साली भारतातलं पहिलं महिला पोलीस ठाणं सुरू झालं. उद्घाटनाला पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट संपली त्याच वर्षी, १९८५ मध्ये, स्त्री चळवळीच्या रेट्यामुळे साओ पावलो शहरात असं ठाणं उघडलं, आणि तिथून ही पद्धत लॅटिन अमेरिकेत देशोदेशी पसरली. घानाने १९९८ मध्ये स्त्रिया आणि बालकांसाठी स्वतंत्र पोलीस विभाग काढला, सिएरा लिओनने यादवी युद्ध संपत आलेलं असताना २००१ मध्ये. इतक्या ठिकाणी इतकी वर्षं हे चाललेलं असल्यामुळे, पथक काढल्यावर काय होतं हे आता अंदाजाने सांगावं लागत नाही. फक्त घोषणा करणाऱ्यांनी ते वाचायची तसदी घ्यायला हवी.

भारतातल्याच दोन राज्यांचं उदाहरण घ्या. हरियाणात ऑगस्ट २०१५ मध्ये एका फटक्यात प्रत्येक जिल्ह्यात महिला पोलीस ठाणं निघालं. हेतू चांगला होता. निर्विकार जस्सल या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने त्याचा माग काढला आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नोंदवलेले गुन्हे वाढले नव्हते. नेहमीच्या ठाण्यांतल्या अधिकाऱ्यांचा भार मात्र हलका झाला होता, कारण तक्रार बाईची आहे असं दिसताच तिला महिला ठाण्याचा रस्ता दाखवला जाऊ लागला. बाईच्या वाट्याला आला लांबचा प्रवास. आणि तिथे पोचल्यावर गुन्हा दाखल करण्यापेक्षा दोघांना समोरासमोर बसवून, समजूत घालून परत पाठवण्याकडे कल. म्हणजे दार नवं झालं आणि त्याच वेळी जुनी सगळी दारं बंद झाली.

मध्य प्रदेशाने वेगळी वाट धरली. तिथे नेहमीच्याच ठाण्यांत महिला मदत कक्ष बसवले: बोलायला आडोसा असलेली जागा, तक्रार आल्यावर काय करायचं याची ठरलेली कार्यपद्धती, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, आजूबाजूच्या वस्त्यांशी संपर्क. कुठल्या ठाण्यात कक्ष बसवायचा आणि कुठल्यात नाही हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं, त्यामुळे तुलना पक्की झाली. संदीप सुखटणकर, गॅब्रिएल क्रुक्स-विस्नर आणि अक्षय मंगला यांचा १८० ठाण्यांवरचा हा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. कक्ष असलेल्या ठाण्यांत स्त्रियांच्या तक्रारी नोंदवल्या जाण्याचं प्रमाण वाढलं, आणि कक्षाची जबाबदारी महिला अधिकाऱ्याकडे होती तिथे विशेषकरून.

आडोसा, प्रशिक्षण, कार्यपद्धती या सगळ्याचा वाटा असेलच. पण मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट अगदी साधी वाटते. कक्ष त्याच छपराखाली असल्यामुळे ठाण्याच्या प्रभारीला ‘हे आमचं नाही’ असं म्हणायची सोय उरली नाही.

यावरून विशेष पथकं बंद करा, नुसते कक्ष काढा, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. तक्रार घ्यायचं दार प्रत्येक ठाण्यात हवं आणि गंभीर गुन्ह्याचा तपास जाणत्या हातात हवा. या दोन वेगळ्या गरजा आहेत. आपल्या घोषणांत त्यांची गल्लत होते आणि मग एकही नीट भागत नाही.

जाणता हात म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण पथकाची खरी कमाई इथेच आहे. बाई सांगते, ‘त्याने गळा धरला, पण आता मी बरी आहे.’ मानेवर पुष्कळदा वळ उमटलेला नसतो. अननुभवी हात लिहितो, किरकोळ मारहाण. नॅन्सी ग्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासात, २००८ मध्ये, असं आढळलं की जोडीदाराने पूर्वी गळा आवळलेला असेल तर त्याच्याच हातून पुढे खून होण्याचा धोका सातपटीहून अधिक असतो. हे ज्याला माहीत आहे तो थांबतो आणि विचारतो: आवाज बसला का, गिळताना दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, कपड्यांत लघवी झाली होती का? डोळ्यांत लाल ठिपके आहेत का ते बघतो. डॉक्टरकडे पाठवतो, नोंद त्याच भाषेत करतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या कायद्याने गळा आवळणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवला, आणि २०२२ च्या जूनपासून तो लागू झाला. पण कायद्याचं पुस्तक ठाण्यात पोचणं वेगळं आणि तो प्रश्न विचारायची सवय पोचणं वेगळं.

जबाबाचंही तसंच. बलात्कार झालेली व्यक्ती घटनाक्रम सरळ रेषेत सांगेलच असं नाही. खोलीतल्या पंख्याचा आवाज तिला लख्ख आठवतो, वेळ आठवत नाही. एखादी गोष्ट तिसऱ्या दिवशी आठवते. ‘हे आधी का नाही सांगितलंत?’ असं विचारणारा तपासी अधिकारी त्यात विसंगती पाहतो आणि आपणच आपली केस पोखरतो. जाणता अधिकारी आधी तिला तिच्या क्रमाने बोलू देतो, क्रम नंतर लावतो. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरत नाही, कागदी पिशवीत भरतो, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुने खराब होतात. फोन ताब्यात घेताना तिला आठवडाभर फोनविना ठेवत नाही, कारण तिच्या सुटकेची दोरी कदाचित त्याच फोनमध्ये असते. त्या फोनवरूनच तिचा ठावठिकाणा आरोपीला कळतो आहे का, हेही तपासतो.

याहून मोठी गोष्ट कागद शेजारी-शेजारी ठेवण्याची. दोन वर्षांत तीन वेगवेगळ्या ठाण्यांत पाच अदखलपात्र नोंदी. पहिली शिवीगाळीची, मग ढकलाढकलीची, मग दाराबाहेर रात्रभर उभं ठेवल्याची. प्रत्येक ठाणे अंमलदाराने आपापली नोंद किरकोळ समजून पान उलटलं, आणि सुट्या नोंदीपुरतं तो चुकलाही नव्हता. पाचही समोर ठेवल्या तर मात्र हिंसा चढत चाललेली दिसते. ती बघण्याचं काम नेमून दिलेलं कुणी असेल तरच ती दिसते. पथकाच्या दिमतीला सगळ्या ठाण्यांच्या नोंदी नसतील, तर पथक आणि ठाणं यांत फरक फक्त पाटीचा.

आता समेटाबद्दल. हा विषय नाजूक आहे हे मला कळतं. पुष्कळ बायका ठाण्यात येतात तेव्हा नवऱ्याला तुरुंगात धाडायला आलेल्या नसतात; मार थांबावा, एवढंच त्यांना हवं असतं. तिचं ते म्हणणं ऐकलंच पाहिजे. पण तिने मागितलेली मदत आणि पोलिसांनी गळ्यात मारलेली तडजोड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मारणारा शेजारच्या खुर्चीवर बसलेला असताना ‘बोल, काय म्हणणं आहे तुझं?’ असं विचारलं तर ती काय बोलणार? स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धच्या, युरोपातल्या २०११ च्या इस्तंबूल कराराच्या ४८व्या कलमाने अशी सक्तीची मध्यस्थी सदस्य देशांना मना केली आहे ती उगाच नव्हे.

समुपदेशन कसं असावं याचा नमुनाही जवळच आहे. मुंबई पोलीस आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी १९८४ मध्ये महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. बसायला जागा पोलिसांच्या आवारात, पण बसणाऱ्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या. त्या वर्दीत नाहीत, म्हणून बाई मोकळी बोलते. पोलीस हाकेच्या अंतरावर आहेत, म्हणून बोलावलेला माणूस येतो. पोलिसाला समुपदेशक बनवण्यापेक्षा समुपदेशकाला पोलिसांशेजारी जागा देणं किती तरी शहाणपणाचं. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्स प्रांतातल्या महिला ठाण्यांतही वकील, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते पोलिसांबरोबर काम करतात. समेट झाला म्हणून प्रकरण बंद केलंत, तर ते बंद करणाऱ्याचं नाव आणि सहा महिन्यांनी त्या बाईची विचारपूस केल्याची नोंद फाइलमध्ये असली पाहिजे. नसेल तर ते प्रकरण मिटलेलं नाही, दाबलेलं आहे.

आकड्यांच्या मोहाबद्दल थोडं कडक बोलते. लंडनच्या महानगर पोलिसांनी २००१ च्या सुमारास लैंगिक गुन्ह्यांसाठी ‘सफायर’ नावाची खास पथकं उभारली. नावाजली गेली. पुढे गुन्हे उकलण्याच्या टक्केवारीचा दट्ट्या बसू लागला. साउथवर्क भागातल्या पथकाने २००८-०९ च्या काळात यावर तोड काढली. केस टिकणार नाही असं वाटलं की बाईलाच तक्रार मागे घ्यायला लावायची, म्हणजे ती नोंद ‘गुन्हा घडलाच नाही’ या रकान्यात जाते आणि टक्केवारी सुधारते. पोलिसांवरच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र आयोगाने फेब्रुवारी २०१३ मध्ये हे सगळं उघड केलं. २००८ मध्ये जिला माघार घ्यायला लावली अशा एका स्त्रीच्या बाबतीत, तिने ज्याच्यावर आरोप केला होता त्याच माणसाने २०११ मध्ये आपल्या दोन मुलांचा खून केला. विशेष पथक होतं. विशेष नाव होतं. आणि जे घडलं ते पथकाच्या आतूनच घडलं.

मग त्यावर उपाय म्हणून पथकच मोडायचं का? तेही करून झालं आहे. लंडनमध्ये २०१८ मध्ये ‘सफायर’चं काम स्थानिक विभागांत विलीन केलं. लंडन पोलिसांच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या लुईस केसी यांचा मार्च २०२३ मधला अहवाल सांगतो की त्यात वर्षानुवर्षं जमवलेलं कसब पांगलं आणि नवखे अधिकारी बलात्काराच्या फाइलींच्या ढिगाखाली दबले. नमुने ठेवायचे फ्रीजर इतके ठासून भरलेले की दार लावायला जोर करावा लागे. २०२२ च्या उष्णतेच्या लाटेत त्यातला एक बंद पडला आणि आतला पुरावा टाकून द्यावा लागला. दक्षिण आफ्रिकेने कौटुंबिक हिंसा, बालसंरक्षण आणि लैंगिक गुन्ह्यांची खास युनिटं २००६ मध्ये मोडून माणसं ठाण्याठाण्यांत वाटली, आणि चार वर्षांनी, २०१० मध्ये, तीच युनिटं पुन्हा उभारायला घेतली. मोडायला एक आदेश पुरतो. एक चांगला तपासी अधिकारी घडायला किती वर्षं लागतात हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पुरावा जमवून वाऱ्यावर सोडण्यात लंडन एकटं नाही. अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये २००९ साली पोलिसांच्या एका गोदामात बलात्काराच्या पुराव्याचे ११ हजारांहून अधिक संच तपासणीविना पडलेले सापडले. त्यातल्या प्रत्येक संचामागे काही तास चाललेली वैद्यकीय तपासणी असते, जी त्या व्यक्तीने मन घट्ट करून करू दिलेली असते. प्रयोगशाळेला पैसा न देता पथक वाढवलं की असे ढीग साठतात.

नेमणुकांबद्दल दोनच वाक्यं. पथकात महिला अधिकारी असाव्यात, आणि मध्य प्रदेशच्या अनुभवावरून त्यांचा फायदा दिसतोच. पण बाई असणं हे काही प्रशिक्षण नव्हे, आणि ‘तूही संसार केलाच असशील, सांभाळून घे’ हे मी महिला हवालदारांच्या तोंडूनही ऐकलं आहे. उलट एखाद्या मध्यमवयीन पुरुष उपनिरीक्षकाने तीन तास न कंटाळता जबाब घेतल्याचंही पाहिलं आहे. (गाड्यांना गुलाबी रंग देण्याचा मोह तेवढा आवरा. त्या गाडीतून घरी सोडलेल्या बाईच्या तक्रारीची बातमी गल्लीभर आधी पोचते.)

एक विषय आपल्या खात्यात कुजबुजीतच बोलला जातो. आरोपी वर्दीतला असेल तर? पोलिसाच्या बायकोने कुठल्या ठाण्यात जायचं, जिथे ठाणे अंमलदार तिच्या नवऱ्याच्या बॅचचा आहे? ब्रिटनमध्ये २०२० मध्ये स्त्री-हक्कांसाठी काम करणाऱ्या वकिलांच्या एका संस्थेने नेमक्या याच प्रश्नावर पोलीस यंत्रणेविरुद्ध सामूहिक तक्रार दाखल केली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये सेवेतल्या पोलिसाने एका तरुणीचं अपहरण करून तिचा बलात्कार आणि खून केला. या खुनानंतर नेमलेल्या अँजिओलिनी चौकशीच्या २०२४ मधल्या अहवालातून स्पष्ट झालं की त्याच्यावर उघड्यावर अश्लील वर्तन केल्याचे आरोप आधी झाले होते आणि त्यांचा तपास धड झाला नव्हता. पथकाला आपल्याच खात्यातल्या माणसाचा तपास करण्याचा अधिकार नसेल, आणि तसा तपास केल्यावर बदली होणार नाही अशी हमी नसेल, तर काही स्त्रियांसाठी हे पथक अस्तित्वातच नाही.

पथकातल्या माणसांचंही ऐका, जमलं तर मला मध्ये न घेता. रोज अशा फाइली वाचणारा माणूस थकतो, चिडचिडा होतो, शेवटी दगड होतो. त्यांना मोर्चाच्या आणि सभांच्या बंदोबस्तासाठी उचलणं थांबवा. काम जमू लागलं की वर्षभरात बदली, हेही थांबवा. अनेक दलांत ही नेमणूक शिक्षा समजली जाते आणि बढतीच्या वेळी तिचं वजन शून्य असतं. ते वजन आपल्याच हातात आहे.

आपल्याकडून मला आश्वासनपर उत्तर नको. पुढच्या पथकाचा आदेश निघेल तेव्हा त्यात स्पष्ट लिहा की तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवलीच जाईल, आणि नोंदवल्यानंतरच ती पथकाकडे जाईल. तपासी अधिकारी किमान किती काळ हलवला जाणार नाही तेही लिहा. रात्री दोन वाजता फोन कोण उचलेल आणि निघायला त्याच्याकडे गाडी असेल का, हेही. आणि आजवर उभारलेल्या पथकांबाबत गेल्या वर्षाची एवढी माहिती प्रसिद्ध करा: किती स्त्रियांना एका ठाण्यातून दुसरीकडे पाठवलं आणि त्यातल्या किती तिथे पोचल्या, किती प्रकरणं समेट म्हणून बंद झाली आणि त्यातल्या किती जणी वर्षाच्या आत पुन्हा आल्या, किती नमुने प्रयोगशाळेच्या वाटेवर पडून आहेत. यातली पहिली संख्या बहुधा कुणी मोजलेलीच नसेल. मोजायला सुरुवात करायची तर ठाण्याच्या स्टेशन डायरीत एक रकाना वाढवावा लागेल.

कळावे,

आपली,
ठाण्याच्या बाकावर बसणारी एक कार्यकर्ती